दारातला थोरला

छापखान्यातून पहिलं प्रूफ आलं तेव्हा थोरला गायब होता.

रेम्ब्रांटचं 'उधळ्या पुत्राचं परतणं' हे चित्र उभ्या मापाचं आहे, २६२ सेंटिमीटर उंच आणि २०५ रुंद. आमच्या पुस्तकाचं पान त्या मानाने अरुंद. पानं लावणाऱ्या मुलाने चित्र पानात बसवण्यासाठी उजवी बाजू छाटून टाकली होती. गुडघ्यांवर टेकलेला धाकटा आणि त्याच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून वाकलेला म्हातारा बाप अगदी मधोमध आले होते. पान देखणं दिसत होतं, हे कबूल करायला हवं. उजवीकडे लाल झगा घालून, काठीवर हात ठेवून उभा असलेला माणूस मात्र नव्हता.

मी फोन केला. तो मुलगा म्हणाला, "सर, मेन तर बाप-लेकच हायेत की. तो कडंचा माणूस नुसता उभा हाय. काही करंनाच."

चिडायला हवं होतं, पण चिडता आलं नाही. चित्र बघताना आपण सगळेच हे करतो, त्याने फक्त माउसने केलं. काही करणारी माणसं तेवढी ठेवायची आणि नुसती उभी असलेली छाटायची. हे पुस्तक त्या नुसत्या उभ्या असलेल्यांबद्दल आहे. चित्रं बायबलमधल्या प्रसंगांची आहेत, पण नजर घटनेवर नाही. ती घटना ज्यांच्या डोळ्यांदेखत घडली त्यांच्या चेहऱ्यांवर, हातांवर, खांद्यांवर काय उमटलं, ते इथे बघायचं आहे.

आता बीड जिल्ह्यातल्या चित्रकलेच्या मास्तराला बायबलची चित्रं कुठून सुचली, हा प्रश्न मला नोकरीत असतानाही विचारला गेला. विचारणाऱ्यांत काही सरळ होते, काही तिरके. उत्तर दोघांना एकच देत आलो, आणि ते धर्माचं नव्हतं, धंद्याचं होतं.

एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना मुलं बसवायची म्हणजे स्मरणचित्राची तयारी करून घ्यावी लागते. विषय ठरलेले: आठवडी बाजार, जत्रा, पाणवठा, बसस्थानक. मुलं झाडं बरी काढतात, बैल तर फारच छान. माणसं आली की गाडी अडते. अंड्यासारखे चेहरे, दोन टिंबांचे डोळे, अंगाला चिकटलेले हात. जत्रेत पाळणा कोसळला असं काढायला सांगितलं तरी पाळणा कोसळलेला आणि भोवतीची माणसं फोटोला उभी राहिल्यासारखी. मी ओरडायचो, "अरे, बघणाऱ्यांना काही वाटतंय की नाही?" मुलं माझ्याकडे बघायची. त्यांना वाटत असणारच, पण वाटलेलं कागदावर कुठून उतरवायचं हे कुणी दाखवलं नव्हतं.

म्हणून चित्रं दाखवायला लागलो. आधी आपलीच घेतली. रवि वर्म्याची छापील चित्रं, कॅलेंडरवरचा वनवास, द्रौपदी. फजिती झाली. चित्र फळ्याला टेकवायच्या आत मुलं गोष्ट सांगून मोकळी. जटायू आहे म्हटलं की रावण, पंख, तलवार, सगळं तोंडपाठ. चित्राकडे बघायची गरजच पडेना. सीतेचा हात कुठे आहे, असं विचारलं की मान वर करून शोधायला लागायची. ज्या गोष्टीचा शेवट ठाऊक असतो तिच्यात माणसाचा चेहरा वाचावा लागत नाही.

पुण्याला गेलो असताना अप्पा बळवंत चौकाजवळच्या फुटपाथवर युरोपियन चित्रांचं एक जाडजूड पुस्तक मिळालं. बांधणी सुटलेली, काही पानं गेलेली. त्यात निम्मी चित्रं बायबलची. वर्गात एखाद-दुसरं ख्रिस्ती घरातलं मूल सोडलं तर या गोष्टी कुणाला माहीत नव्हत्या. त्यामुळे एक गंमत झाली. कोण कुणाचं काय लागतं, काय झालंय, कोण खरं बोलतंय, हे सगळं मुलांना चेहऱ्यांवरूनच काढावं लागलं. गोष्ट हाताशी नसली की डोळे कामाला लागतात.

रेम्ब्रांटचं हे चित्र मी पहिल्यांदा दाखवलं ती वेळ दिवाळीनंतरची. बीडच्या शाळांत ती वेळ कशी असते ते बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. गावंच्या गावं ऊसतोडीला निघून गेलेली असतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायकोचा एक कोयता धरून चार-पाच महिने पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर कर्नाटकात. टोळीबरोबर मुलंही जातात. मागे राहतात ती आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. पटावर चाळीस आणि बाकांवर बावीस, असा तो वर्ग.

चित्र टेकवलं. काहीच सांगितलं नाही. बराच वेळ गप्प बसून मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, ह्यो कारखान्यावरून आलाय."

"कशावरून?"

"पाय बघा की."

धाकटा आपल्याकडे पाठ करून गुडघ्यांवर आहे, त्यामुळे त्याचे तळवे आपल्यासमोर येतात. डावा पाय वहाणेतून निसटलेला, तळवा सोललेला. उजव्या पायातली वहाण फाटून गेलेली, टाच उघडी. डोकं भादरलेलं. कमरेला तेवढी एक लहानशी कट्यार उरली आहे, बऱ्या घरातला असल्याची शेवटची खूण. मी आधी कितीतरी वेळा बघितलेल्या चित्रात ते तळवे पहिल्यांदा बघितले. फडात वर्षानुवर्षं पाचटावरून चाललेले पाय त्या मुलीने घरी बघितले होते. तिला शोधावे लागले नाहीत.

मग तीच पुढे म्हणाली, "आन् म्हातारा बघंना. चाचपायलाय."

खरंच आहे. बापाचे डोळे जवळजवळ मिटलेले आहेत, कदाचित त्यांना दिसतही नसावं. सगळं बघणं त्याच्या हातांत उतरलं आहे. दोन हात सारखेही नाहीत. डावा रुंद, बोटं फाकलेली, खांदा धरून ठेवणारा. उजवा हलका, नुसता टेकवलेला. यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, एक हात बापाचा आणि एक आईचा असंही म्हटलं गेलं आहे. ती मुलगी म्हणाली ते मला जास्त पटतं. "आमची आजी असंच करती. आई-दादा आले की काही बोलतच न्हाई. पाठीवरून हात फिरवती."

"कशाला?"

"किती वाळलेत ते बघती."

त्यानंतर मी वर्गाला कडेच्या माणसाबद्दल विचारलं. त्या वर्षी वर्गात एक ख्रिस्ती मुलगा होता, त्याला गोष्ट ठाऊक होती. त्याने चटकन सांगितलं, हा थोरला भाऊ, हा रागावलाय. बाकीच्यांना ते मान्य होईना. रागावलेला माणूस हात असे एकावर एक ठेवून उभा राहत नाही, असं एकाचं म्हणणं. हा दमलाय, असं दुसऱ्याचं. तिसरा म्हणाला, "ह्याला कुणी ये म्हणलंच न्हाई."

त्या संध्याकाळी मी घरी येऊन लूकचं शुभवर्तमान उघडलं. पंधरावा अध्याय. गोष्ट थोडक्यात अशी. दोन भाऊ. धाकटा बाप जिवंत असताना वाटणी मागतो, मिळालेलं विकून दूर देशी जातो आणि उधळतो. तिकडे दुष्काळ पडतो. डुकरं राखायची पाळी येते, डुकरांच्या शेंगा खाव्याशा वाटतात. तेव्हा घर आठवतं. बाप त्याला लांबून बघतो, धावत जातो, गळ्यात पडतो. झगा आणा, अंगठी आणा, पायात वहाणा घाला, पोसलेलं वासरू कापा. आणि थोरला? तो शेतात आहे. घराजवळ येतो तेव्हा वाद्यांचा आणि नाचाचा आवाज कानावर पडतो, आणि तो एका गड्याला विचारतो, हे काय चाललंय? म्हणजे जेवण सुरू झालं, वाजंत्री आली, पण शेतावर निरोप धाडायचं कुणाला सुचलं नाही. इतकी वर्षं हा मजकूर माहीत असून ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. ज्याने पुस्तक वाचलेलं नव्हतं त्याने ती एका माणसाच्या उभं राहण्यावरून ओळखली.

रेम्ब्रांटने इथे मजकुराशी एक लबाडी केली आहे. लूकच्या गोष्टीत बाप आणि धाकटा भेटतात तेव्हा थोरला तिथे नाहीच. बहुतेक अभ्यासक चित्रातल्या उजवीकडच्या माणसाला थोरला मानतात, आणि तो थोरला असेल तर चित्रकाराने त्याला शेतातून उचलून दारात आणून उभं केलं आहे. का केलं असेल? कारण नुसत्या भेटीचं चित्र गोड झालं असतं. बघणारा आला आणि ते अवघड झालं. थोरल्याच्या अंगावर बापासारखाच लाल झगा आहे, बापासारखीच दाढी. चेहऱ्यावर उजेड आहे, पण तो उजेड त्याला खाली उतरवत नाही. दोघांच्यामध्ये मोकळी काळोखी जागा आहे. आपल्याकडे वाटण्या झालेल्या वाड्यांत अंगणाच्या मधोमध अशी जागा असते, जिथे कुणी काही ठेवत नाही.

आणखी तीन माणसं आहेत तिथे. एक बसलेला, मागे खांबाशी एक बाई, आणि वर डावीकडे अंधारात कुणीतरी, जे दिसायला छपाई चांगली लागते. आमच्या छपाईत ते दिसत नाही, त्याची माफी आधीच मागून ठेवतो.

हीच गोष्ट रेम्ब्रांटने तीस वर्षांचा असताना, १६३६ साली, तांब्याच्या पत्र्यावर कोरली होती. तो छाप तळहाताहून थोडा मोठा. त्यात नुसती धांदल आहे. बाप पायऱ्यांवरून झेपावलाय, मुलाच्या बरगड्या मोजता येतात, एक बाई खिडकीचं दार उघडून डोकावतेय, नोकर कपडे आणि वहाणा घेऊन निघालेत. जो तो काही ना काही करतोय. त्याच सुमाराला त्याने स्वतःला उधळ्या पुत्राच्या वेशात रंगवलं होतं, मांडीवर बायको सास्किया, हातात उंच पेला, हसून आपल्याकडे वळलेला. ते चित्र ड्रेस्डेनला आहे. पुढे १६४२ मध्ये सास्किया गेली. १६५६ मध्ये दिवाळं निघालं, घरातल्या वस्तूंची यादी करून विकल्या गेल्या, मागोमाग घरही गेलं. १६६८ मध्ये तरुण मुलगा टायटस गेला. मोठं चित्र या शेवटच्या वर्षांतलं. १६६९ मध्ये तो स्वतः वारला. चित्रकाराच्या आयुष्यावरून चित्राचा अर्थ लावू नये असं मी मुलांना शिकवत आलो. पण १६३६ च्या धांदलीतून इतक्या शांततेपर्यंत हा माणूस कसा आला, ते समजून घेताना मला माझाच नियम मोडावा लागतो. चित्र आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये आहे. रशियाच्या कॅथरीन राणीने ते १७६६ मध्ये घेतलं.

आपल्याकडे या बघण्याला शब्द आहे, आणि तो परका नाही. नाट्यशास्त्र वाचलेले लोक अनुभाव म्हणतात. मनात जे हललं ते अंगावर जसं दिसतं तो अनुभाव. भरताने आठ सात्त्विक भाव मोजले आहेत: घाम, रोमांच, कापरं, गहिवरलेला आवाज, उतरलेला रंग, डोळ्यांतलं पाणी, शुद्ध हरपणं. आणि यादीत सगळ्यांत आधी स्तंभ. जागच्या जागी खिळणं. थोरला काही करत नाही असं छापखान्यातल्या मुलाला वाटलं, ते बरोबरच होतं. काही न करता येणं हीच तिथली प्रतिक्रिया आहे.

मराठवाड्यातल्या माणसाने यासाठी फार लांब जायलाही नको. शाळेची सहल अजिंठ्याला गेली की मुलांना पद्मपाणीसमोर उभं करून पुढे ढकललं जातं. सोळाव्या लेण्यात डावीकडच्या भिंतीवर जे चित्र 'मरणासन्न राजकन्या' म्हणून ओळखलं जातं तिथे थांबा, असं मी म्हणत असे. ती मरत नाहीये. ती बुद्धाचा भाऊ नंद याची बायको सुंदरी आहे. नवरा भिक्षू झाला ही बातमी आली आहे, सोबत त्याचा मुकुट आला आहे. नंद त्या जागी नाहीच. फक्त बातमी आणि तिने मोडून पडलेलं एक अंग: मान कलंडलेली, डोळे मिटत चाललेले, बोटं सैल. एक दासी मागून आधार देते, दुसरी काळजीने तोंडाकडे बघते. शेजारच्या सतराव्या लेण्यात बुद्ध स्वतःच्या घराच्या दारात भिक्षापात्र घेऊन उभा आहे. तो केवढा थोरला, आणि समोर यशोधरा आणि राहुल केवढे लहान. तिथेही कुणीतरी घरी परत आलं आहे. फक्त इथे बाप परतला आहे आणि मूल त्याच्याकडे मान वर करून बघतंय. हे रंगवणाऱ्या पाचव्या शतकातल्या कारागिराला ॲमस्टरडॅम माहीत असण्याचं कारण नाही. तरी घटना लांब ठेवून तिचा धक्का जवळून दाखवायचा, ही युक्ती दोघांची एकच.

इथे थोडं आडवळणाला जातो, कारण मला ते आवडतं. आपण मराठीत म्हणतो, बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. आज कुणी खरोखर बोट तोंडात घालत नाही, पण इराणी आणि मोगल चित्रांत घालतात. काही अद्भुत घडलं की कडेला उभा असलेला दरबारी नाहीतर माळी बोट ओठांवर नेतो. ती चित्रकाराने ठरवलेली आश्चर्याची खूण. शब्द भाषेत राहिला आणि हात चित्रात. अकबराच्या दरबारात १५८० मध्ये गोव्याहून जेझुइट पाद्री पोचले ते अँटवर्पला छापलेलं अनेक भाषांतलं बायबल घेऊन, आणि बादशहाच्या चितारी मंडळींनी त्यातली चित्रं उतरवून घ्यायला सुरुवात केली. जवळजवळ पाऊणशे वर्षांनी गंगा उलटी वाहिली. मोगल चित्रं हॉलंडला पोचली, आणि रेम्ब्रांटने त्यांतली दोन डझनांच्या आसपास हाताने उतरवली. १६५६ च्या एका छापात त्याने अब्राहामाच्या दारी आलेल्या देवदूतांना जमिनीवर बैठक मारून बसवलं, आपल्याकडे पारावर म्हातारे बसतात तसं. ती बैठक त्याने एका मोगल चित्रातून उचलली होती. पाहुणे सांगतायत की म्हातारपणी तुला मुलगा होईल. दाराआड अब्राहामाची बायको सारा ऐकते आहे. बायबलात ती मनाशी हसते. छापात तिचं हसू दिसत नाही, पण ती दाराशी कशी उभी आहे ते बघा. पाहुण्यांसमोर न येता सगळं ऐकणारी बाई आपल्याला वेगळी दाखवावी लागत नाही.

लिओनार्दोच्या 'शेवटच्या भोजना'बद्दल मी पुस्तकात कमी लिहिलं आहे. ते चित्र सगळ्यांनी बघितलेलं असतं, निदान कुणाच्या तरी घरी जेवणाच्या जागी टांगलेलं. मिलानच्या मठाच्या भोजनगृहात १४९५ ते १४९८ या काळात ते रंगवलं गेलं, ओल्या गिलाव्याऐवजी सुक्यावर, आणि म्हणून चित्रकाराच्या हयातीतच पापुद्रे निघायला लागले. ते एका वाक्याचं चित्र आहे. तुमच्यापैकी एक जण माझा घात करील, असं येशू म्हणतो, आणि पुढच्या क्षणी बारा माणसं बारा तऱ्हांनी हलतात, तिघातिघांच्या चार पुंजक्यांत. अंद्रियाचे दोन्ही तळहात वर, फिलिपाचे हात स्वतःच्या छातीकडे, थोमाचं बोट उभं. मुलांना हावभाव शिकवायला याच्यासारखं पाठ्यपुस्तक नाही. पण खरं सांगायचं तर मला ते थोडं नाटकी वाटतं. बारांतला एकही गप्प बसून भाकरी मोडत राहिलेला नाही. कुठल्याही पंगतीत तसा एक तरी असतो.

तसा माणूस काराव्हाज्जोने दाखवला. रोममधल्या सान लुइजी देई फ्रांचेझी चर्चमध्ये १६०० सालचं 'मत्तयाला बोलावणं' आहे. जकातदार टेबलाशी बसून पैसे मोजतायत. दारातून येशू येतो, हात पुढे करतो. दाढीवाला बोट करून जणू विचारतो, मी? की हा? अभ्यासकांचं अजून एकमत नाही. टेबलाच्या टोकाला एक तरुण मान खाली घालून नाणी चाळत बसलाय, आणि त्याच्याजवळ चष्मा लावून एक म्हातारा त्याच पैशांवर डोळे लावून. उजेड त्यांच्यापर्यंत पोचला आहे, पण त्यांना त्याचं काही नाही. हे चित्र दाखवलं की आमच्या वर्गात हमखास हशा पिकायचा, आणि मग कुणीतरी हळूच म्हणायचं, "मुकादम." उचलीचा हिशोब चालू असताना दारात देव आला तरी मान वर होत नाही, हे त्या मुलांनी बघितलेलं होतं.

आता आपल्या मुलखातली चित्रं. या पुस्तकात अँजेलो द फोन्सेकांची चित्रं घ्यायची माझी फार इच्छा होती. हक्कांच्या कारणाने ती घेता आली नाहीत, म्हणून निदान इथे सांगतो. फोन्सेका १९०२ साली गोव्यातल्या सांतु इस्तेव बेटावर जन्मले. मुंबईच्या जे.जे.त शिकले आणि तिथून शांतिनिकेतनला अवनींद्रनाथ आणि नंदलाल बोसांकडे गेले. परतल्यावर त्यांनी मारियेला साडी नेसवली. गोव्यातल्या काही लोकांना ते सहन झालं नाही. ते पुण्यात शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिले आणि १९६७ मध्ये पुण्यातच वारले. त्यांची पुष्कळ चित्रं आज पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आहेत.

साडीबद्दल सगळे बोलतात. मला त्यांच्या माणसांच्या पापण्या महत्त्वाच्या वाटतात. युरोपियन चित्रात बातमी आली की हात उडतात, तोंड उघडतं, वस्त्रं फडफडतात. फोन्सेकांची माणसं नजर खाली घेतात. जलरंगाच्या पातळ थरांत चेहरा जवळजवळ विरून जातो, आणि उरतो मानेचा एक बाक. आनंद आणि भीती दोन्ही तिथे एकाच तऱ्हेने उतरतात, आणि कुठला कुठे ते आपल्याला ओळखावं लागतं. हे आपलं आहे असं मला वाटतं. आपल्या घरांत मोठी बातमी आली की बाई आधी पदर सावरते.

आणि त्याच गोव्यातून, साळगावातून, फ्रान्सिस न्यूटन सूझा आले. अगदी उलट टोक. लंडनच्या टेट संग्रहालयात त्यांचं १९५९ सालचं 'क्रुसारोहण' आहे. काट्यांसारख्या रेषा, विस्कटलेले चेहरे, दात. तिथे कुणी नजर खाली घेत नाही. ते चित्र मी वर्गात दाखवलं नाही, वयाचा विचार करून. आज वाटतं, दाखवायला हवं होतं. त्या मुलांनी त्याहून कठीण गोष्टी बघितल्या होत्या.

बायबलच्या गोष्टी मराठीला नव्या नाहीत, हेही जाता जाता. आमच्या अंबाजोगाईत दासोपंत चाळीसेक फूट लांबीच्या पासोडीवर पंचीकरण लिहीत होते त्याच काळात तिकडे गोव्यात राचोलला फादर स्टीफन्स येशूची गोष्ट ओव्यांत बांधत होते. 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं. पुढे नगरला रेव्हरंड टिळकांनी कीर्तन हाती घेतलं, 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं, ते अपुरं राहिलं आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. नगर जिल्ह्याची हद्द आमच्या आष्टी-पाटोद्याला लागून आहे. म्हणजे ही गोष्ट सीमेच्या पलीकडे शंभर वर्षं टाळ-चिपळ्यांवर गायली जात होती. कीर्तनात खरं बघायचं असेल तर कीर्तनकाराकडे पाठ करून बसावं. नारायणगडाच्या यात्रेत मी एकदा तसा बसलो होतो. पुढे आख्यान रंगलं होतं आणि समोर हजारभर चेहरे. हसू आधी पुढच्या रांगेत यायचं आणि मग शेतातल्या वाऱ्यासारखं मागे मागे जायचं. मध्ये एक आजी होती, सगळे हसले तेव्हा ती रडत होती. का, ते तिलाच ठाऊक. त्या दिवशी काढलेली रेखाटनं वहीत आहेत, या पुस्तकात नाहीत.

पुस्तकाची मांडणी साधी ठेवली आहे. प्रत्येक चित्र आधी, टिपण नंतर, आणि गोष्ट सगळ्यांत शेवटी. हा क्रम मुद्दाम आहे. शिक्षकांनी कृपा करून तो उलटा करू नये. गोष्ट आधी सांगितली की वर्ग हातचा गेला. टिपणांत जिथे मुलांचं म्हणणं आहे तिथे नावं दिलेली नाहीत. ती मुलं आता मोठी झाली आहेत, काही पुण्याला कंपन्यांत, काही अजून कोयत्यावर.

छापखान्यातल्या मुलाने थोरला परत आणून दिला. पान रुंद करता येईना, म्हणून चित्र लहान करून वर-खाली पांढरी जागा सोडली. "आता लई मोकळं दिसतंय," तो कुरकुरला.

एक गोष्ट राहिली. लूकच्या गोष्टीत बाप बाहेर येऊन थोरल्याची समजूत घालतो. थोरला म्हणतो, इतकी वर्षं राबलो, मला मित्रांबरोबर मजा करायला एक करडूसुद्धा दिलं नाहीस. बाप म्हणतो, जे माझं आहे ते तुझंच आहे. आणि गोष्ट तिथेच संपते. थोरला आत गेला का, ते लिहिलेलं नाही. ज्यांना ही गोष्ट सांगितली जात होती ते स्वतःच, येशू कुणाबरोबर जेवतो यावरून कुरकुरत उभे होते. त्यांनी काय केलं तेही नाही.

मी वर्गाला स्मरणचित्राचा विषय दिला होता: यानंतर काय झालं ते काढा. बावीस कागद आले. बहुतेकांनी पंगत काढली, ताटं, पातेली, गॅसबत्ती. दोघांनी भावांची गळाभेट. एका मुलाने गोठा काढला. कोपऱ्यात लांब घराचं उजेडाचं दार, टाचणीएवढं. पुढे दोन बैल, वाढ्याची पेंढी, आणि पेंढी सोडायला वाकलेला एक माणूस, पाठमोरा. चेहरा नाही. मी त्याला विचारलं, तोंड का नाही काढलं? तो म्हणाला, "बैलांना दिसायलंय की."

ते चित्र शेवटच्या पानावर आहे. बैल फार छान आहेत.